मोपाहून सोलापूर किती लांब? विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ घरबसल्या कसा काढावा

शुक्रवार म्हणजे गोव्यात म्हापशाचा बाजार. त्या दिवशी माझ्या झेरॉक्स-तिकिटांच्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा पिशव्याच जास्त असतात. लोक सामान टेकवायला येतात आणि जाताजाता तिकिटाचं विचारून घेतात. डिचोलीच्या एक काकी अशाच अळसांद्यांची, म्हणजे गोव्याकडच्या मोठ्या चवळीची, पिशवी काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "बाबा, मोपाहून सोलापूर किती रे लांब? लेक दिलीय तिथे. मोबाइल म्हणतो पंचावन्न मिनिटं. तिकिटावर तासाच्या वर लिहिलंय. आणि जावई म्हणतात, चार-साडेचार तास धरूनच निघा. यातलं खरं कुणाचं?"

तिघांचंही खरं होतं, फक्त तिघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते. मोबाइलवरचं संकेतस्थळ नकाशावरची सरळ रेष घेऊन तिला मोठ्या जेट विमानाच्या वेगाने भागतं. तिकिटावर विमान जागचं हलल्यापासून दुसऱ्या टोकाला थांबेपर्यंतचा वेळ छापलेला असतो. जावईबापू दारापासून दारापर्यंत मोजत होते. काकींना दुकानाच्या एका बिलाच्या पाठीमागे पेन्सिलीने हिशेब करून दाखवला. तोच इथे सविस्तर मांडतो. दहावीपर्यंतचं गणित आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरे.

आधी विमानतळ ठरवा, गाव नव्हे

गोव्यात आता दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत आणि निम्म्या चुका इथेच होतात. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. तिकिटावर शहराच्या नावाच्या जागी दोन्हीकडे 'गोवा'च लिहिलेलं दिसतं, म्हणून नजर आधी त्या तीन अक्षरांवर जाऊ द्या. दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी माझंच ऐका. मोपा सुरू झालं त्या वर्षी मी सख्ख्या मावसभावाला आणायला सवयीने दाबोळीला जाऊन उभा राहिलो, आणि तो पेडण्याच्या पठारावरून, म्हणजे मोपाहून, मला फोन करत होता. आकाशातून दोन्हींमधलं अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर, पण रस्त्याने साठ-पासष्ट. त्या दिवशी पर्वरीला काम चालू होतं, ते वेगळंच.

दाबोळी पोर्तुगीजांनी १९५५ साली सुरू केलं. त्यांची छोटी विमान कंपनी तिथून दमण, दीव आणि कराचीला उडायची. म्हणजे लहान विमानतळांना जोडणारी सेवा गोव्याला नवी नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी ती धावपट्टी फोडली. पुढे तळ नौदलाकडे गेला, आजही तो नौदलाचाच आहे. त्याचा तुमच्या वेळेशी थेट संबंध आहे: सोमवार ते शुक्रवार सकाळी साधारण साडेआठ ते दुपारी एक ही वेळ तिथे नौदलाच्या सरावासाठी राखीव असते. मोपावर ही अडचण नाही. तिथलं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानं ये-जा करू लागली. लहान गावांना जाणारी एटीआर, म्हणजे पंख्यांची छोटी विमानं आता तुम्हाला मुख्यतः तिथेच मिळतील. मार्च २०२४ पासून उडणाऱ्या फ्लाय९१ या गोव्यातल्याच कंपनीचं बस्तानही मोपावरच आहे. गोवा-सोलापूर सेवा तिनेच जून २०२५ मध्ये सुरू केली.

सीमेपलीकडच्यांना तिसरा पर्याय चिपीचा. सिंधुदुर्गचा हा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, कोड एसडीडब्ल्यू. मालवण-वेंगुर्ल्याकडच्यांनी तो आधी पाहावा. बांदा-सावंतवाडीकरांना मात्र जिल्हा दुसरा असला तरी मोपाच जवळ पडतं.

समोरच्या टोकाचा कोडही टिपून ठेवा. सोलापूर एसएसई, जळगाव जेएलजी, कोल्हापूर केएलएच, बेळगाव आयएक्सजी. बेळगावच्या कोडात 'बी' कुठेच नाही, तेव्हा गावाच्या नावावरून अंदाज बांधू नका.

अक्षांश-रेखांश काढा

गूगल मॅपवर विमानतळ उघडा आणि धावपट्टीच्या मध्यावर बोट दाबून धरा. खाली दोन आकडे येतात, पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. आपल्या कामाला दशांशानंतर दोन स्थळं भरपूर झाली.

मोपा: १५.७४ उत्तर, ७३.८६ पूर्व. सोलापूर: १७.६३ आणि ७५.९३. जळगाव: २०.९६ आणि ७५.६३. दाबोळी: १५.३८ आणि ७३.८३.

काही ठिकाणी हेच आकडे अंश, मिनिटं, सेकंद असे लिहिलेले सापडतात. मोपाचा अक्षांश १५ अंश ४४ मिनिटं २४ सेकंद असा दिसेल. तेव्हा ४४ ला ६० ने भागायचं, २४ ला ३६०० ने भागायचं आणि दोन्ही १५ मध्ये मिळवायचं. उत्तर १५.७४. मी पहिल्यांदा घाईत सरळ १५.४४ लिहिलं होतं. माझा विमानतळ तेहतीस किलोमीटर दक्षिणेला सरकून थेट गोवा वेल्ह्याजवळ जाऊन बसला. उत्तर विचित्र आलं की आधी हीच चूक शोधा.

आता अंतर

उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, गोव्यातही आणि दिल्लीतही जवळपास तेवढाच. पूर्व-पश्चिम अंश मात्र वर जाऊ तसा आक्रसतो, कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे एकमेकींच्या जवळ येत जातात. १० अंशांवर तो १०९ किलोमीटर भरतो, १५ वर १०७, १८ वर १०५.५ आणि २० वर १०४. दोन्ही गावांच्या मधला अक्षांश धरून यातला आकडा उचलायचा.

काकींचा हिशेब असा झाला. अक्षांशांतला फरक १७.६३ वजा १५.७४, म्हणजे १.८९. त्याला १११ ने गुणलं की २१० किलोमीटर उत्तरेकडे. रेखांशांतला फरक ७५.९३ वजा ७३.८६, म्हणजे २.०७. मधला अक्षांश पावणेसतराच्या आसपास, तिथे अंश १०६ चा, म्हणून २२० किलोमीटर पूर्वेकडे. आता काटकोन त्रिकोण आठवा: २१० चा वर्ग ४४,१००, २२० चा वर्ग ४८,४००, बेरीज ९२,५००, वर्गमूळ ३०४. मोपा ते सोलापूर, सरळ रेषेत, ३०४ किलोमीटर.

"एवढंच?" काकी म्हणाल्या. हो, एवढंच. चोर्ला घाट चढून बेळगाव-विजापूरमार्गे गाडीने गेलात तर चारशेच्या वर जातं. मधला सह्याद्री रस्त्याला वळसे घालायला लावतो. विमानाला त्याचं काही नाही.

जळगावचा हिशेब स्वतः करून पाहा. अक्षांशाचा फरक ५.२२, रेखांशाचा १.७७, मधल्या पट्ट्यात अंश १०५.५ चा. उत्तर ६१० च्या आसपास आलं की तुम्हाला जमलं. रस्त्याने ते साडेआठशेच्या घरात जातं. लक्षद्वीपमधल्या अगत्तीचा आकडा ५७५ च्या आसपास येईल. तिथे मात्र रस्त्याशी तुलना करायची सोयच नाही.

हजार-बाराशे किलोमीटरपर्यंत ही पद्धत निर्धास्त वापरा. त्यापुढे पृथ्वीचा गोलावा हिशेबात घ्यावा लागतो. तेव्हा गूगल मॅपमधलं 'मेजर डिस्टन्स' वापरणं बरं. लॅपटॉपवर उजवी कळ दाबली की ते दिसतं. तसंही पेन्सिलीचं उत्तर एकदा त्यावर पडताळून पाहायला हरकत नाही. एका टोकाला विमानतळाऐवजी गावाचा मध्य धरला असेल तर तिथे लगेच उघडं पडतं.

एक सावधगिरी. अंतर सांगणारी बरीच संकेतस्थळं मैल दाखवतात आणि कोणते मैल ते सांगत नाहीत. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा, तर विमानवाल्यांचा सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. ३०४ किलोमीटर म्हणजे १८९ साधे मैल किंवा १६४ सागरी मैल. एकाच मार्गाचे तीन आकडे दिसले म्हणून गोंधळू नका. सागरी मैल मला फार आवडतो, कारण तो अक्षांशाचं जवळजवळ एक मिनिट असतो. पाच अंश उत्तरेला जायचं तर पाच गुणिले साठ, तीनशे सागरी मैल. कॅल्क्युलेटरचीही गरज नाही.

विमान सरळ रेषेत जात नाही

मोपाची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं, आणि गोव्यात दुपारचा वारा समुद्राकडून येतो. म्हणजे सोलापूरला, ईशान्येला, जायचं असूनही विमान आधी अरबी समुद्राकडे धावतं, वर चढतं आणि मग वळतं. खिडकीतून समुद्र दिसला की पहिल्यांदा बसलेला माणूस घाबरून शेजाऱ्याला विचारतो, "हे मुंबईला तर नाही ना चाललं?" दुसऱ्या टोकालाही धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी वळसा असतो. मध्ये ठरलेले हवाई मार्ग आणि संरक्षण दलांनी राखलेलं आकाश असतं. एकूण सरळ अंतरात पाच ते दहा टक्के वाढ धरा. ३०४ चे ३२५ होतात.

वाऱ्याचीही लोक फार चर्चा करतात. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सोलापूरला जाताना पाठीशी असतो आणि येताना अंगावर. तो ताशी तीस किलोमीटरचा धरला तरी एवढ्या छोट्या पल्ल्यावर जाण्या-येण्यातला फरक चार-पाच मिनिटांचा. त्याच्या नादी लागू नका.

अंतराचे मिनिटं करा: आठाने भागा, पंचवीस मिळवा

लहान विमानतळांवर बहुतेक वेळा एटीआर ७२ येतं, दोन पंख्यांचं, सत्तरएक आसनांचं. वर पोचल्यावर त्याचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. मोठं एअरबस किंवा बोइंग आठशेच्या वर जातं. पण हे वेग फक्त मधल्या टप्प्यातले. जमिनीवर रांगणं, चढणं, उतरताना वेग मारणं या सगळ्यात ठरावीक वेळ जातोच, मग पल्ला तीनशेचा असो की सहाशेचा.

म्हणून दुकानात मी एक सोपा नियम वापरतो. एटीआर असेल तर सरळ अंतराच्या किलोमीटरांना आठाने भागायचं आणि पंचवीस मिळवायचे. जेट असेल तर बाराने भागायचं आणि तीस मिळवायचे. वळशांचा हिशेब यात आलेला आहे.

सोलापूर: ३०४ भागिले ८ म्हणजे ३८, अधिक २५, एकूण ६३ मिनिटं. जळगाव: ७६ अधिक २५, म्हणजे एक तास चाळीस. अगत्ती: ७२ अधिक २५, पावणेदोन तासांच्या आत.

आता हेच जेटने करून पाहा. सोलापूर २५ अधिक ३०, म्हणजे ५५ मिनिटं. काकींच्या मोबाइलचा आकडा इथून आला! त्या संकेतस्थळाला कोणतं विमान जातं हे ठाऊकच नाही. त्या मार्गावर विमान आहे की नाही हेही ते बघत नाही. मोपा ते चिपी टाकलंत तरी ते ऐटीत 'उड्डाणवेळ' काढून देईल. तिथलं सरळ अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास आहे. विमान चढेपर्यंत उतरायची वेळ येईल.

गंमत म्हणजे जेट कितीतरी वेगवान असूनही सोलापूरला फक्त आठ मिनिटं वाचवतं आणि जळगावला वीस. एवढ्यासाठी जास्त इंधन कोण जाळील? छोट्या पल्ल्यावर पंख्याचं विमान दिसतं ते म्हणूनच. 'पंख्याचं आहे, जुनं असेल' असं गिऱ्हाईक म्हणालं की मी हा हिशेब पुढे करतो. शिवाय एटीआरला छोटी धावपट्टी चालते. अगत्तीची धावपट्टी सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे, तिथे एअरबस उतरवता येणार नाही.

नियम मोडणारी जागा म्हणजे मुंबई. मोपा ते मुंबई सरळ अंतर ३८५ च्या आसपास, म्हणजे जेटने ६२ मिनिटं यायला हवीत. पण तिथे आकाशात रांग असते, विमान घिरट्या घालतं, म्हणून वेळापत्रकात दहा-वीस मिनिटं वाढवूनच छापतात. लहान विमानतळांवर ही रांग नसते, तेव्हा नियमाचं उत्तर तिकिटाच्या जवळ येतं.

तिकिटावरचा वेळ म्हणजे काय

तिकिटावरची सुटण्याची वेळ ही उडण्याची नसते. चाकांमागचे अडसर काढून विमान जागचं हलतं ती वेळ ती. पोचण्याची वेळ म्हणजे दुसऱ्या टोकाला ते थांबतं तेव्हाची. विमानाची दारं तर सुटण्याच्या वेळेच्याही आधी लागतात.

मागच्या हिवाळ्यात स्वतः सोलापूरला गेलो तेव्हा वहीत वेळा टिपत गेलो. शेजारचे आजोबा विचारत होते, "पायलटची परीक्षा घेताय का?" जागचं हलल्यापासून चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत नऊ मिनिटं. हवेत एकोणपन्नास. धावपट्टीवर टेकल्यापासून पंखे थांबेपर्यंत चार. एकूण बासष्ट. माझा नियम त्रेसष्ट म्हणत होता, म्हणून मी खूश. आजोबांना त्याचं विशेष काही वाटलं नाही, ते हुरडा पार्टीला चालले होते.

तिकिटावर यापेक्षा पाच-दहा मिनिटं जास्तच छापलेली असतात. वेळेवर पोचल्याची नोंद चांगली राहावी म्हणून कंपन्या तेवढी सैल सोडतात. म्हणून अधूनमधून 'आपण दहा मिनिटं आधी पोचलो आहोत' अशी घोषणा ऐकू येते.

जमिनीवरचा वेळ, म्हणजे जावईबापूंचा हिशेब

घरापासून मोपा. पणजीहून ३५ किलोमीटर, तास धरा. म्हापशाहून पाऊण तास. मडगाव किंवा वास्कोहून पावणेदोन तास, आणि जुवारी-पर्वरी पट्ट्यात अडकायची वेळ असेल तर दोन. धारगळला महामार्गावरून जोडरस्त्याला लागलात की शेवटचा टप्पा सुरळीत असतो. कदंबाच्या बसेस पणजी, म्हापसा, मडगावहून जातात, पण पहाटेच्या विमानासाठी बसच्या भरवशावर राहू नका. आदल्या दिवशीच टॅक्सी ठरवा, आणि भाडं फोनवरच पक्कं करा.

विमानतळावर किती आधी पोचायचं? देशांतर्गत उड्डाणासाठी सामान घेणारा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि गेट पंचवीस मिनिटं आधी. टाकायचं सामान असेल तर दीड तास आधी पोचा, नुसती पिशवी असेल तर सव्वा तास चालतं. सोलापूर-जळगावसारख्या ठिकाणी परतीच्या वेळी सगळं एकाच दालनात असतं, गर्दी कमी असते. पण म्हणून उशिरा जाऊ नका, काउंटर तिथेही वेळेवरच बंद होतो.

काकींचा पूर्ण हिशेब असा निघाला. डिचोली ते मोपा सव्वा तास, विमानतळावर दीड तास, तिकिटावरचा वेळ तास-दहा मिनिटं, उतरून सामान घ्यायला वीस मिनिटं आणि लेकीच्या घरापर्यंत रिक्षा वीस मिनिटं, कारण सोलापूरचा विमानतळ शहराला लागूनच आहे. एकूण चार तास पस्तीस मिनिटं. त्यात हवेतला वेळ पन्नास मिनिटांचा, म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. रस्त्याने नऊ-दहा तास लागले असते.

म्हणून दाबोळी की मोपा हा वाद मैलांवर घालू नका. दाबोळीहून सोलापूर सरळ रेषेत ३३५ किलोमीटर, मोपाहून ३०४. हवेत हा फरक चार मिनिटांचा आहे. घरापासून कोणता विमानतळ जवळ, तो फरक तासाचा आहे.

याच हिशेबाने विमान कुठे परवडत नाही तेही कळतं. मोपा ते बेळगाव सरळ अंतर ८० च्या आसपास, मोपा ते कोल्हापूर ११५ च्या आत. जमिनीवरचे तीन-साडेतीन तास तर जाणारच, तेवढ्यात गाडीने बेळगाव गाठून होतं. माझा अंदाज असा: सरळ अंतर दोनशेच्या खाली असेल तर विमानाचा विचार सोडा. केंद्राची उडान योजना आली तेव्हा तिनेही सपाट प्रदेशातल्या विमानमार्गांसाठी दोनशे ते आठशे किलोमीटर हाच पल्ला धरला होता. एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली हे तिचं पहिलं उड्डाण झालं. त्या वेळी साधारण पाचशे किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांची मर्यादा ठेवली होती, तीही विमानातल्या ठरावीक आसनांपुरती. ती आसनं आधी संपतात. शेजाऱ्याला स्वस्त पडलं आणि तुम्हाला महाग, यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

आठवड्यातले दिवस पाहा

लहान विमानतळांच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी, आणि लोक नेमकी हीच गाळतात. मुंबईचं एक विमान चुकलं तर दुसरं मिळतं. इथे थेट विमान आठवड्यातून काहीच दिवस असू शकतं, आणि वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. एप्रिलमध्ये पाहिलेली वेळ दिवाळीला तीच असेल असं धरून लग्नाची तारीख काढू नका. शोधताना एकाच तारखेवर अडून न राहता पुढचे-मागचे सात दिवस चाळून वार लिहून घ्या.

थेट विमान नसलं की ॲप तुम्हाला कुठूनही फिरवून आणतं. मोपा-जळगाव सरळ ६१० किलोमीटर. हैदराबादमार्गे गेलात तर ५१५ अधिक ५१०, म्हणजे हजाराच्या वर. हवेतला वेळ तासभर वाढला तरी चालेल, पण मधल्या थांब्याचा आकडा नीट वाचा, तो सात-आठ तासांचाही असतो. दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यावर पुढची सोय कंपनी पाहते. वेगवेगळी काढली असतील तर नुकसान तुमचं, आणि मग किमान तीन तासांचं अंतर ठेवा.

पावसाळा आणि सूर्यास्त

मोपा पठारावर आहे. जुलैत ढग कधीकधी इतके खाली येतात की समोरची गाडी दिसत नाही. मोठ्या विमानतळांवर ढगातूनही धावपट्टीपर्यंत नेणारी आयएलएस यंत्रणा असते. अनेक लहान विमानतळांवर ती नसते, रात्री उतरण्याची सोयही नसते. वैमानिकाने डोळ्यांनी पाहूनच उतरायचं असेल तर साधारण पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसायला हवं. तेवढं दिसलं नाही तर विमान घिरट्या घालतं, दुसरीकडे जातं, किंवा निघतच नाही.

त्यात एकच एटीआर दिवसभर चार-सहा फेऱ्या मारतं. सकाळी वीस मिनिटं उशीर झाला तर दुपारपर्यंत त्याचा तास होतो. आणि शेवटची फेरी रात्रीची सोय नसलेल्या गावाची असेल तर सूर्य मावळल्यावर ती रद्दच. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमाराला होतो. म्हणून जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर-जानेवारीत मी गिऱ्हाइकाला शक्य तेवढं सकाळचं विमान देतो. दुपारचंच असेल तर त्याच दिवशी संध्याकाळी कोर्टाची तारीख किंवा मुंज ठेवू नका. निघण्याआधी फ्लाइटरडार२४ वर आपलं विमान आत्ता कुठे आहे ते पाहा. ते अजून दुसऱ्याच गावात उभं असेल तर कंपनीचा संदेश यायच्या आधी उशीर तुम्हाला कळलेला असतो.

शेवटच्या दहा मिनिटांसाठी

एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि उतरतात, पुढचा भाग सामानाचा असतो. लवकर बाहेर पडायचं असेल तर मागची रांग घ्या. मोठ्या विमानाच्या सवयीने पुढच्या आसनाला जादा पैसे भरणारे लोक मी पाहिलेत. डोक्यावरचे कप्पेही छोटे असतात, चाकाची मोठी बॅग आत मावत नाही आणि दारातच काढून घेतात. काजूची फेणी टाकायच्या सामानात, सीलबंद बाटलीत, पाच लिटरच्या आत. हातातल्या पिशवीत ठेवलीत तर तपासणीत दहा मिनिटं जातील आणि बाटलीही जाईल.

काकींनी सगळं ऐकलं, बिल घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि मागच्या रांगेतलं खिडकीचं आसन मागितलं. अळसांद्यांची पिशवी मात्र काउंटरवरच राहिली. दुपारी घ्यायला आल्या तेव्हा विचारत होत्या, "रे, हे विमानात नेलेले चालतील ना?"

चालतात. वजन तेवढं आधी करून घ्या.